पुढे ढकलता येणारी शस्त्रक्रिया म्हणजे कोणती? महामारी आणि डायलिसिसचा रुग्ण



विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, की हा तर डॉक्टरांचा प्रांत, इथे तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या प्राध्यापकाचं काय काम? शंका रास्त आहे. औषधं, मात्रा, तपासण्या यांवर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. मी बोलणार आहे एका शब्दावर. महामारीच्या काळात त्या शब्दाने हजारो माणसांचं भवितव्य ठरवलं. शब्द आहे 'इलेक्टिव्ह'.

२० मार्च २०२० रोजी, म्हणजे जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशभरच्या रुग्णालयांना एक सूचनापत्र पाठवलं. त्यात सांगितलं होतं, की अत्यावश्यक नसलेल्या इलेक्टिव्ह शस्त्रक्रिया पुढे ढकला. आपल्या वर्तमानपत्रांनी या शब्दाचं मराठी तीन तऱ्हांनी केलं. कुणी 'ऐच्छिक' म्हटलं, कुणी 'नियोजित', तर कुणी 'तातडीची नसलेली'. आता बघा, हे तीन शब्द एकच गोष्ट सांगतात का? ऐच्छिक म्हणजे इच्छा असेल तर करायची. नियोजित म्हणजे तारीख आधी ठरवून करायची. आणि तातडीची नसलेली म्हणजे थांबलं तरी चालेल अशी. ज्या शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरवता येते, ती थांबवली तरी चालते, हे यातून निघतं का? तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, की निघत नाही. पण त्या धावपळीत जगभर हाच निष्कर्ष काढला गेला. डायलिसिसच्या रुग्णाला तो फार महाग पडला.

तरी आधी दुसरी बाजू नीट मांडतो. ती सूचना मूर्खपणाची नव्हती. खाटा मोकळ्या ठेवायच्या होत्या, भूलतज्ज्ञ आणि व्हेंटिलेटर राखून ठेवायचे होते. शिवाय ऑपरेशनच्या सुमारास रुग्णाला करोना झाला तर काय होतं, याचा २४ देशांतल्या २३५ रुग्णालयांतला अभ्यास त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आला. अशा ११२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांच्या आत दगावले होते. जवळजवळ चारातला एक! म्हणजे शल्यविशारदाने हात आखडता घेतला तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही. त्याच संशोधकांच्या गटाने असाही अंदाज केला होता, की सर्वाधिक अडथळ्याच्या बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील. या एवढ्या मोठ्या ढिगात गुडघ्याची वाटी बदलणं होतं, हर्निया होता, मोतीबिंदू होता. आणि त्यातच डायलिसिसच्या रुग्णाच्या हातावरचा फिस्टुलाही होता.

फिस्टुला म्हणजे काय, हे जरा सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मूत्रपिंडं निकामी झाली की रक्त बाहेर काढून, यंत्रातून गाळून परत शरीरात सोडावं लागतं. हे काम एका वेळी साधारण चार तास चालतं, आठवड्यातून दोन-तीनदा. मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त यंत्राला मिळावं लागतं. आपल्या हातावरच्या साध्या शिरेतून एवढं रक्त येत नाही, ती चिपकते. धमनीत रक्ताला जोर असतो, पण ती खोल असते आणि आठवड्यातून तीनदा तिच्यात जाड सुया खुपसणं धोक्याचं. मग करायचं काय? यंत्र शोधलं गेल्यावर कित्येक वर्षं हा प्रश्न तसाच होता. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ साली डायलिसिसचं यंत्र बनवलं, पण ते थोड्या दिवसांच्या आजारापुरतंच उपयोगी होतं. दर वेळी नवी शीर कापायची, अशा किती शिरा असणार माणसाला? १९६० साली अमेरिकेत सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हाताच्या धमनीत आणि शिरेत कायमची बसवून ठेवली, आणि तिथून पुढे डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगता येऊ लागलं. पण नळी बाहेर लोंबायची, पिकायची, तुंबायची. मग न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका रुग्णालयात सिमिनो, ब्रेशिया आणि ॲपेल या तिघांनी साधा, पण डोकेबाज मार्ग काढला. मनगटापाशी धमनी आणि शीर एकमेकींना शिवूनच टाकायच्या. त्यांचा लेख १९६६ साली आला. धमनीतलं जोरदार रक्त शिरेत घुसतं, शीर हळूहळू फुगते, तिची भिंत जाड होते, आणि मग तिच्यात सुई टोचता येते. हाच तो फिस्टुला. त्या जागी हात ठेवला तर मांजर घुरघुरावं तशी थरथर लागते. जाणते रुग्ण रोज सकाळी उठल्यावर आधी तीच तपासतात.

ही शस्त्रक्रिया लहान असते. बहुतेक वेळा हात तेवढा बधिर करून होते, पूर्ण भूल लागत नाही, व्हेंटिलेटरही लागत नाही. पण 'हळूहळू' हा जो शब्द मी आत्ता वापरला, तो महत्त्वाचा. आज शिवलेली शीर उद्या वापरता येत नाही. तयार व्हायला सहा-आठ आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. काहींची पहिल्या खेपेला तयारच होत नाही, मग पुन्हा करावी लागते. म्हणूनच चांगला डॉक्टर मशीनची वेळ यायच्या काही महिने आधीच फिस्टुला करून घ्यायला सांगतो.

हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तुम्ही राब भाजता, पाऊस पडला की त्यावर भाताचं, नागलीचं रोप टाकता. समजा कुणी हुकूम काढला, की आत्ता रोप टाकायची घाई नाही, महिनाभर थांबा. त्या दिवशी काही बिघडत नाही. शेतात पाणी आहे, बैल आहेत, सगळं जिथल्या तिथे आहे. बिघडतं ते आवणीच्या वेळी, जेव्हा लावायला हातात रोपच नसतं. मग तेव्हा कितीही धावपळ केली, तरी रोप एका दिवसात उगवत नाही. फिस्टुलाचं अगदी असंच आहे. ज्या दिवशी तो करायचा असतो, त्या दिवशी त्याला तातडी नसते. ज्या दिवशी तातडी येते, त्या दिवशी तो करून उपयोग नसतो.

'इलेक्टिव्ह' हा शब्द फक्त आजचा दिवस पाहतो. आज ऑपरेशन केलं नाही तर आज काय होईल? काही नाही. मग ढकला पुढे. शस्त्रक्रियेचा दिवस एक आणि तिच्या गरजेचा दिवस दुसरा, हे त्या शब्दात बसतच नाही. जगात काही ठिकाणी हे वेळीच ध्यानात आलं. अमेरिकेत आधी सगळ्या अनावश्यक शस्त्रक्रिया आवरत्या घ्या असं सांगितलं गेलं, तेव्हा मूत्रपिंडतज्ज्ञांनी आवाज उठवला. मार्च महिना संपायच्या आत तिथल्या मेडिकेअर खात्याने खुलासा केला, की डायलिसिससाठी रक्ताचा मार्ग तयार करणं हे आवश्यक काम आहे, ते टाळण्याजोग्या यादीत धरू नये.

बरं, फिस्टुला नसताना मशीनची वेळ आली तर काय करतात? मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत नळी टाकतात. जीव वाचतो, यात शंका नाही. पण ही साधी नळी आठवडा-दोन आठवड्यांपुरती असते. ती लांबली की तिथून जंतू सरळ रक्तात जातात, थंडी वाजून ताप येतो, हृदयाच्या झडपांपर्यंत संसर्ग पोचू शकतो. शिवाय नळीने मोठी शीर आतून अरुंद झाली, तर पुढे त्या बाजूच्या हातावर केलेला फिस्टुलाही नीट चालत नाही. म्हणजे आज ढकललेलं काम उद्या नुसतं उशिरा होत नाही, ते अधिक अवघड होऊन बसतं. आणि ज्याचा चालू फिस्टुला अचानक गोठतो, त्याच्याजवळ तर फार तर दोनेक दिवस असतात. तेवढ्यात गुठळी काढली तर हात वाचला. नाहीतर पुन्हा मानेत नळी आणि पुन्हा सहा-आठ आठवड्यांची वाट.

आता हे सगळं घेऊन आपल्या वांगणीत येऊ. मुंबईच्या माणसाला वांगणी म्हटलं की बदलापूरच्या पुढचं रेल्वे स्टेशन आठवतं. आपलं वांगणी वेगळं, इथे रेल्वेची शिट्टी ऐकू येत नाही. एक कल्पित माणूस घेऊ. वय पंचेचाळीस, दिवाळीनंतर बायकोसह वीटभट्टीवर जाणारा, रक्तदाबाचा आजार बरीच वर्षं अंगावर काढलेला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला सांगितलं गेलं, की मूत्रपिंडं फार दिवस साथ देणार नाहीत, एप्रिलमध्ये ये, हातावर फिस्टुला करून ठेवू. कुठे ये? शिरा जोडणारा शल्यविशारद तालुक्याच्या गावी बसत नाही. जव्हारहून मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वर आणि पुढे नाशिक, हे ऐंशीएक किलोमीटर. नाहीतर उलट्या दिशेने सिल्वासा. नाहीतर ठाणे-मुंबई.

२३ मार्चला महाराष्ट्रात जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. नाशिक हा वेगळा जिल्हा, सिल्वासा तर वेगळा केंद्रशासित प्रदेश. नकाशावरच्या ज्या रेघा आपल्याला एरवी दिसतही नाहीत, त्यांवर पोलीस उभे राहिले. एस.टी. थांबली. जिल्ह्याबाहेर जाणारी एस.टी. पुन्हा सुरू झाली ती २० ऑगस्टला, आणि खाजगी वाहनाचा ई-पास गेला २ सप्टेंबरपासून. मार्च ते ऑगस्ट, मोजा. पाच महिने. फिस्टुला तयार व्हायला लागतात दोन. भट्टीवरून चालत गावी आलेल्या माणसाने ई-पासचा अर्ज कुठल्या फोनवर भरायचा आणि भाड्याच्या गाडीचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मी विचारून सोडून देतो. तुम्हाला उत्तर माहीत आहे.

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. १ एप्रिल २०२० ला आरोग्य मंत्रालयाने डायलिसिसबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक राज्याने करोनाबाधितांसाठी किमान एक डायलिसिस केंद्र राखावं, रुग्णाला आणि सोबत एका माणसाला जाऊ द्यावं, दवाखान्याचे कागद हाच पास समजावा, वाहन नसेल त्याच्यासाठी सरकारने सोय करावी, असं त्यात होतं. चांगल्या सूचना होत्या. राज्याने मे महिन्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सगळ्या नागरिकांसाठी खुली केली. मुंबईत मूत्रपिंडतज्ज्ञ आणि महापालिका यांनी मिळून शहरातल्या केंद्रांची एक सामाईक यादी संगणकावर चालवली, म्हणजे करोना झालेल्या डायलिसिसच्या रुग्णाला आज कुठे जागा मिळेल ते दिसावं. ही कामं खरोखर मोलाची. पण यातला भर कुणावर आहे, ते पाहा. जो आधीच मशीनवर आहे, त्याच्यावर. आपला पंचेचाळीस वर्षांचा माणूस अजून मशीनवर गेलेलाच नाही. त्याच्याकडे डायलिसिसचा कागद नाही. त्याच्या खिशात एक चिठ्ठी आहे, एप्रिलमध्ये ये, अशी. नाक्यावरच्या हवालदाराने त्या चिठ्ठीचं काय करावं?

मशीनवर असलेल्यांचं तरी नीट झालं का? लखनौच्या नारायण प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या १९ मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली. २५१७ डायलिसिस रुग्णांपैकी ७१० जणांच्या एक वा अधिक फेऱ्या चुकल्या, म्हणजे २८ टक्क्यांच्या. ६९ जणांना अखेर तातडीने मशीनवर घ्यावं लागलं. आणि १०४ जण येणंच थांबले. नऊ मृत्यूंची खात्री झाली होती. हे १०४ जण मला अस्वस्थ करतात. ते मेले असं कुणी म्हटलेलं नाही, जगले असंही नाही. ते फक्त आले नाहीत. त्याच पाहणीत बाह्यरुग्ण विभागातली हजेरी ९२ टक्क्यांनी घटलेली दिसली. फिस्टुलाची वेळ कुणाची आली आहे, हे कळतं ते तिथेच. फोनवरून सल्ला सुरू झाला होता, त्याचा लाभ थोड्यांनाच झाला. आणि फोनवरून शीर चाचपता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

इथे मला नीतिशास्त्रातली एक जुनी गोष्ट सांगायची आहे. सिएटलला यंत्रं थोडी आणि रुग्ण फार, अशी अवस्था झाली, तेव्हा सात सामान्य नागरिकांची एक समिती नेमली होती. तिच्यात वकील होता, धर्मोपदेशक होता, गृहिणी होती, कामगार पुढारी होता. नावं गुप्त. कुणाला यंत्र द्यायचं ते त्यांनी ठरवायचं. वय, पोरंबाळं, उत्पन्न, नोकरी, चर्चला जातो का, हे सगळं पाहून. नोव्हेंबर १९६२ मध्ये शाना अलेक्झांडर या पत्रकार बाईंनी 'लाइफ' साप्ताहिकात ही हकीकत लिहिली आणि अमेरिकेत खळबळ उडाली. माणसाची किंमत ठरवणारे हे सात जण कोण? लोक तिला देवांची समिती म्हणू लागले. वैद्यकीय नीतिशास्त्र ही ज्ञानशाखा उभी राहण्यात या प्रकरणाचा मोठा वाटा आहे. पुढे १९७२ साली तिथे कायदाच झाला आणि बहुतेक सगळ्यांच्या डायलिसिसचा खर्च सरकारने उचलला.

मी विद्यार्थ्यांना ही समिती वर्षानुवर्षं वाईट उदाहरण म्हणून शिकवत आलो, आणि ती वाईट होतीच. पण निदान तिच्यावर राग तरी काढता येत होता. सात माणसं एका खोलीत बसून 'हा नको' असं म्हणत होती. २०२० साली वांगणीच्या माणसाला 'नको' कुणी म्हटलं? कुणीच नाही. मंत्रालयाने फक्त पुढे ढकला म्हटलं. डॉक्टरने कळवतो म्हटलं. एस.टी. बंद होती. नाक्यावर पास मागितला. प्रत्येक पायरी आपापल्या जागी समजण्यासारखी, आणि सगळ्या मिळून निवड होऊन गेली. शहरात, इस्पितळाजवळ, गाडी असलेला माणूस निवडला गेला. समिती न नेमता.

अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ साली एक भेद दाखवून दिला होता. ओळखीचा जीव आणि आकड्यातला जीव. विहिरीत पडलेलं मूल दिसलं की गाव धावतं. तीच विहीर कठडा नसल्यामुळे पुढच्या दहा वर्षांत कुणाचा तरी घात करणार, हे ठाऊक असूनही कठड्याला पैसे निघत नाहीत. महामारीत धापा टाकणारा माणूस विहिरीतल्या मुलासारखा होता, आणि फिस्टुला हा कठडा होता. दोन्ही हवेत, पण दोन्हींमध्ये कठड्याच्या बाजूने भांडायला कुणी नसतं.

वांगणीला हे नव्याने सांगायची गरज नाही. १९९२-९३ साली वावर-वांगणीत लहान मुलं दगावली, ते राज्यभर गाजलं, तेव्हा कुठे मंत्री आणि मोटारी या रस्त्याला आल्या. कागदावर जुलाब, ताप, न्यूमोनिया असं लिहिलं की मागची उपासमार दिसत नाही. फिस्टुला लांबल्यामुळे जे गेले, त्यांच्याही कागदावर फिस्टुला हा शब्द नसणार. जंतुसंसर्ग असेल, हृदयक्रिया बंद असेल, किंवा कागदच नसेल.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाबद्दल दोनच वाक्यं बोलतो, कारण वेळ होत आलाय. तेही थांबलं होतं. मुंबईत मेंदूमृत दात्यांची संख्या २०१९ मध्ये ७९ होती, ती २०२० मध्ये ३० वर आली. यादीतल्या रुग्णाला आणखी काही वर्षं मशीनवर काढायची म्हणजे त्याच्या हाताच्या शिरा तेवढी वर्षं टिकायला हव्यात. फिरून आपण तिथेच आलो.

आता प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्याने विचारलं, की डायलिसिस घरी करता येतं असं ऐकलं आहे, मग या सगळ्या धावपळीपेक्षा ते का करत नाहीत.)

चांगलं विचारलंत. पोटातून करायचं डायलिसिस असतं, त्याला पेरिटोनियल म्हणतात. पोटात एक नळी बसवतात, तीही छोटी शस्त्रक्रियाच, पण ती साधारण दोन आठवड्यांत वापरता येते. मग दिवसातून तीन-चार वेळा दोन-दोन लिटर पाणी पोटात सोडायचं आणि काढायचं. मशीन नको, वीज नको, नाशिक नको. महामारीत हा मार्ग अनेक देशांना आठवला. केंद्राने २०१९ सालीच याच्याही सूचना काढल्या होत्या. पण हिशेब करा. दिवसाला सात-आठ लिटर, म्हणजे महिन्याला दोन-सव्वादोनशे किलो पिशव्या पाड्यापर्यंत पोचायला हव्यात, जुलैच्या पावसातसुद्धा. घरात एक कोरडा, स्वच्छ कोपरा हवा. होऊ शकतं, मला वाटतं करायलाही हवं. त्यासाठी रस्ता आणि पिशव्यांची गाडी आधी लागेल, डॉक्टर नंतर.

(एका आशाताईंनी विचारलं, की पुन्हा अशी साथ आली तर आम्ही गावात काय करायचं.)

ताई, साथीची वाट बघायची गरज नाही. तुमच्या वहीत रक्तदाब आणि साखरेचे रुग्ण आहेतच. त्यांच्यात ज्याच्या पायावर, तोंडावर सूज येते, त्याची क्रिएटिनिनची तपासणी झाली का ते विचारा. ज्याला किडनी कमजोर आहे असं डॉक्टरने सांगितलंय, त्याचा ज्या हाताने तो काम करत नाही तो हात, बहुधा डावा, राखून ठेवायला सांगा. अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे फार हौस. ते सलाईन, रक्त काढायची सुई, काहीही त्या मनगटात आणि कोपरात नको. हाताच्या पाठीवर टोचा म्हणावं. फिस्टुला झालेला असेल तर त्या हाताने मोळी, हंडा उचलायचा नाही, घट्ट बांगडी, घड्याळ नको, रक्तदाबाचा पट्टा दुसऱ्या हाताला. आणि रोज सकाळी बोटं ठेवून थरथर लागते का पाहायचं. ज्या दिवशी लागली नाही, त्या दिवशी दुपारची गाडी धरायची, बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायचं नाही.